वकिलाशिवाय घटस्फोट आणि मुलाचा ताबा : सुनावणीआधी काय तयार ठेवायचं

घटस्फोटाचा आणि मुलाच्या ताब्याचा दावा वकील न लावता चालवता येतो. कौटुंबिक न्यायालय अधिनियम, १९८४ चं कलम १३ तर त्याही पुढे जातं. कौटुंबिक न्यायालयात वकिलामार्फत बाजू मांडणं हा पक्षकाराचा हक्कच नाही, त्याला न्यायालयाची परवानगी लागते. प्रत्यक्षात ती सहज मिळते आणि समोरच्याचा वकील बहुतेक वेळा उभा असतोच, तो भाग वेगळा. जिथं कौटुंबिक न्यायालय नाही तिथं हे दावे वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांपुढे चालतात, आणि तिथंही स्वतः उभं राहायला कुणाची आडकाठी नसते. आपल्या खानदेशात जळगावला कौटुंबिक न्यायालय आहे. आपला तालुका त्याच्या हद्दीत येतो की अर्ज जवळच्या दिवाणी न्यायालयात द्यायचा, हे फाइलिंगच्या खिडकीवर आधी विचारून घ्यावं. चुकीच्या कोर्टात दिलेला अर्ज परत येतो आणि मधले महिने वाया जातात.

मी माझा दावा स्वतः चालवला, तरी सगळ्यांनी तसंच करावं असं मी सांगणार नाही. महिला, मुलं, दिव्यांग आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती यांना उत्पन्न न बघता सरकारी खर्चानं वकील मिळतो. बाकीच्यांना महाराष्ट्रात वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, फोन १५१००. वकील नकोच असेल तरी अर्जाचा मसुदा तिथं एकदा दाखवून घ्यायला काय हरकत आहे? आणि नवऱ्यावर किंवा बायकोवर फौजदारी गुन्हा दाखल असेल, तर त्या फौजदारी प्रकरणापुरता तरी वकील लावाच.

आधी कायदा कोणता लागतो ते बघायचं. हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांना हिंदू विवाह अधिनियम, १९५५. पण त्याच कायद्याचं कलम २(२) अनुसूचित जमातींना वगळतं. नंदुरबार, धडगाव, अक्कलकुवा, साक्री, शिरपूर या पट्ट्यातल्या भिल्ल, पावरा, कोकणा, मावची कुटुंबांनी हे नीट लक्षात घ्यावं, कारण त्यांच्याकडे घटस्फोट जमातीच्या रूढीनं होतो आणि कोर्टात ती रूढी पुराव्यानं शाबीत करावी लागते. मुस्लिम स्त्रीला १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्याखाली दावा करता येतो.

आपल्याकडे अजूनही स्टॅम्प पेपरवर फारकत लिहून, चार पंचांच्या सह्या घेऊन, नोटरीचा शिक्का मारून मोकळं होतात. असा कागद रूढी सिद्ध झाल्याशिवाय घटस्फोट ठरत नाही. नोटरीला लग्न मोडायचा अधिकार नसतो. त्या कागदाच्या भरवशावर दुसरं लग्न केलं की ते बेकायदा ठरतं आणि पोटगी, वारसा, पेन्शन या सगळ्या गोष्टी पुढं गळ्याशी येतात. ताब्याच्या दाव्यात मात्र या कागदाचा एक उपयोग होतो. कोण कधीपासून वेगळं राहतंय याचा तो पुरावा असतो. म्हणून फाडू नये, जपून ठेवावा.

दावा कुठं लावायचा याला चार ठिकाणं आहेत: लग्न जिथं लागलं, समोरचा जिथं राहतो, दोघं शेवटचे एकत्र जिथं राहिले, आणि अर्जदार पत्नी असेल तर ती आज जिथं राहते. हे चौथं २००३ च्या दुरुस्तीनं आलं आणि खानदेशातल्या बायकांना त्याचा मोठा आधार आहे, कारण निम्मी सासरं सुरतच्या उधना-लिंबायतला असतात. नवरा सुरतेत आणि बायको माहेरी पारोळ्याला असेल, तर तिनं पारोळ्याला लागू असलेल्या कोर्टात अर्ज द्यायचा. नवऱ्यानं आधीच सुरतेत दावा लावला असेल, तर तो इकडे वर्ग करून घ्यायला सर्वोच्च न्यायालयात जावं लागतं, कारण राज्य बदलतं. फक्त ताब्याचा वेगळा अर्ज १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाखाली करायचा असेल, तर मूल नेहमी जिथं राहतं तिथलंच कोर्ट.

आता अर्ज. कोर्ट आपलं दुःख वाचत नाही, कोर्ट दप्तर (फाइलीतले कागद) वाचतं. जे अर्जात लिहिलं नाही त्याचा पुरावा पुढं देता येत नाही, आणि ज्याचा पुरावा निशाणी (न्यायालयानं दिलेला पुराव्याचा क्रमांक) पडून दप्तरात आला नाही ते घडलंच नाही असं धरतात. हे डोक्यात बसलं की पुढची सगळी तयारी आपोआप रांगेला लागते.

‘लग्नानंतर सासरचे सतत छळ करत होते’ या वाक्याला कोर्टात किंमत नाही. तारीख (नक्की आठवत नसेल तर महिना आणि आसपासचा सण), जागा, कोण हजर होतं, काय बोललं किंवा केलं गेलं, त्यानंतर तुम्ही काय केलं, आणि त्याचा कागद कोणता, ही सहा उत्तरं प्रत्येक प्रसंगाला हवीत. ‘२०२२ च्या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी पाठवायला नकार दिला, शेजारच्या काकू हजर होत्या, त्याच रात्री भावाला फोन केला, कॉलची नोंद यादीतील अनुक्रमांक ७ वर’ असं लिहिलं की त्यावर उलटतपास घेणं समोरच्याला जड जातं. असे सात-आठ प्रसंग पुरतात. चाळीस प्रसंगांचा अर्ज केला की त्यातले तीस पुराव्याविना पडतात आणि ते पडलेले तीसच निकालपत्रात दिसतात. प्रसंगानंतर पुन्हा एकत्र राहिला असाल तर तेही लिहावं आणि का राहिलात ते सांगावं. नाहीतर समोरचा वकील ‘क्षमा केली होती’ असा मुद्दा काढतो. परित्यागाच्या कारणाला सलग दोन वर्षं पूर्ण झालेली लागतात, आणि लग्नाला एक वर्ष झालं नसेल तर अपवादात्मक हालअपेष्टा दाखवल्याशिवाय अर्जच घेत नाहीत.

बाकी अर्जाचा साचा ठरलेला आहे. दोघांची नावं, वय, धंदा, पत्ता, लग्नाची तारीख आणि ठिकाण, मुलांची नावं व जन्मतारखा, याआधीचे सगळे दावे आणि तक्रारी, हद्दीचा परिच्छेद, अर्ज संगनमतानं केलेला नाही हा परिच्छेद, मागण्या, सत्यापन (मजकूर खरा असल्याचं सहीनिशी लिहून देणं). मागण्यांमध्ये ताबा, मुलाची पोटगी, स्वतःची पोटगी, स्त्रीधन हे प्रत्येक कलम वेगळं लिहायचं. न मागितलेलं सहसा मिळत नाही. चालू असलेली दुसरी केस लपवली आणि ती नंतर निघाली, की न्यायाधीशांचा विश्वास उडतो आणि ताब्याच्या मुद्द्यावर ते महागात पडतं. कोर्टात द्यायच्या शपथपत्राला पाचशेचा स्टॅम्प लागत नाही. बाहेरचे टायपिस्ट तो विकत घ्यायला लावतात, तिकडं लक्ष देऊ नये. अर्जाच्या प्रती तीन काढायच्या: कोर्टाची, समोरच्याची, आपली. आपल्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.

नोंदणी झाली की सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक मिळतो. तो ई-कोर्ट्स अ‍ॅपमध्ये टाकला की पुढची तारीख आणि रोजनामा (त्या त्या तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद) घरी बसून दिसतो. पण तारीख असेल त्या दिवशी अ‍ॅपवर विसंबून घरी थांबायचं नाही. त्या दिवसाच्या दाव्यांचं बोर्ड लागायच्या आत कोर्टात हजर असावं. पुकारा झाला आणि अर्जदार नसला, तर दावा गैरहजेरीत काढून टाकतात. तो परत दप्तरी घ्यायचा अर्ज ३० दिवसांत द्यावा लागतो, तोही पटेल असं कारण दाखवून. उलट बाजूनं, समन्स मिळूनही समोरचा आलाच नाही तर ‘एकतर्फी चालवावा’ असा अर्ज आपणच द्यायचा असतो. तो हुकूम आपोआप होतो या समजात लोक बसून राहतात.

सगळ्यात जास्त दावे अडतात ते समन्सच्या बजावणीवर. ‘रा. शिरपूर, जि. धुळे’ एवढ्याच पत्त्यावर बेलीफ कुठं जाणार? गल्ली, घरमालकाचं नाव, जवळची खूण, कामाचा पत्ता, मोबाइल नंबर हे सगळं लिहावं आणि कामाच्या पत्त्यावरही समन्स मागावं. ‘घर बंद’, ‘घेण्यास नकार’, ‘सोडून गेले’ असा शेरा आला की पुढची पायरी वेगवेगळी असते. नकार ही बजावणी धरली जाते. घर बंद असेल तर दारावर चिकटवून बजावणी मागायची. पत्ताच सापडत नसेल तर वर्तमानपत्रातून जाहीर समन्स. प्रत्येकासाठी वेगळा अर्ज, सोबत बेलीफचा अहवाल आणि आपलं शपथपत्र. समन्स मिळाल्यावर समोरच्याला कैफियत (लेखी उत्तर) द्यायला ३० दिवस असतात, न्यायालय ते ९० पर्यंत वाढवतं.

त्यानंतर समुपदेशन किंवा मध्यस्थी. समेटाचा प्रयत्न करणं कायद्यानं कोर्टावर बंधनकारक आहे, त्यामुळं ‘मला समेट नको’ म्हणून तारीख चुकवली तर ती आपल्याच नावावर लागते. मध्यस्थाच्या खोलीत जे बोललं जातं ते पुराव्यात वापरता येत नाही. तिथं रेकॉर्डिंग करायच्या फंदात पडू नका. समाजाची बैठक मात्र मध्यस्थी केंद्र नव्हे. तिथं लिहून घेतलेल्या कागदावर समोरचा वकील हटकून बोट ठेवतो. म्हणून बैठकीत न वाचता सही करू नये, मग समोर कितीही मोठे मामा-काका बसलेले असोत.

सहमतीनं सुटत असेल तर हिंदू विवाह अधिनियमाचं कलम १३ब. एक वर्ष वेगळं राहिलेलं हवं आणि पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबायचं. हे सहा महिने योग्य प्रकरणी माफ करता येतात, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या निकालात सांगितलं. ती माफी वेगळा अर्ज देऊन मागावी लागते. तडजोडीच्या अटींत रक्कम, हप्त्याची तारीख आणि हप्ता चुकला तर काय, ही तिन्ही हवीत. ‘मुलासाठी कधीच काही मागणार नाही’ असं आईनं लिहून दिलं तरी मुलाचा पोटगीचा हक्क त्यानं संपत नाही. आणि पत्नीच्या छळाचा, म्हणजे जुन्या दंड संहितेच्या ४९८अ चा (आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८५) गुन्हा दाखल असेल तर तो दिवाणी तडजोडीनं मिटत नाही. तो रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात वेगळा अर्ज लागतो. शेवटचा हप्ता त्या तारखेला बांधून ठेवायची पद्धत आहे, आणि दोन्ही बाजूंना ती सोयीची पडते.

पोटगीच्या अंतरिम अर्जासोबत (हिंदू विवाह अधिनियमाचं कलम २४) मालमत्ता व देणी यांचं शपथपत्र सक्तीचं आहे, दोघांनाही. ४ नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालानं त्याचे नमुने ठरवून दिले, आणि त्यात शेतकऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे. खानदेशात लोक नोकरदाराचाच नमुना भरतात, शेतीच्या रकान्यात ‘निरंक’ टाकतात आणि खरी कमाई बाहेर राहते. शेतीच्या नमुन्यात क्षेत्र, पीक, जनावरं, सगळं विचारलेलं असतं. समोरच्यानं ‘शेती वडिलांच्या नावावर आहे, मला काही मिळत नाही’ असं लिहिलं तर घाबरायचं कारण नाही. सातबारा आणि आठ-अ कुणालाही काढता येतो, डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन १५ रुपयांत मिळतो. त्यावर ई-पीक पाहणीची नोंद बघायची: किती हेक्टर केळी, किती कापूस, ठिबक आहे का, विहीर आहे का. मग फेरफार. दाव्याच्या तोंडावर बापानं दुसऱ्या मुलाच्या नावे जमीन फिरवली असेल तर तारीख तिथंच सापडते. रावेर-यावलकडच्या केळीची कमाई पट्टीवर (व्यापाऱ्याच्या हिशेबाच्या चिठ्ठीवर) असते, कापसाची जिनिंगच्या किंवा बाजार समितीच्या पावतीवर. हे कागद आपल्या हाती लागत नाहीत, म्हणून ‘अमुक व्यापाऱ्याच्या अमुक हंगामातल्या पट्ट्या आणि अमुक बँकेतला पीककर्जाचा खातेउतारा हजर करावा’ असा नेमका अर्ज द्यायचा. ‘सर्व आर्थिक कागदपत्रं हजर करावीत’ असा मोघम अर्ज फेटाळला जातो. पगारदाराच्या बाबतीत पगारपत्रक कार्यालयाकडून मागवायचा अर्ज द्यावा. माहितीच्या अधिकारात ते सहसा नाकारतात.

आपलं शपथपत्रही तितकंच खरं हवं. शिकवणीचे चार हजार, शिवणकामाचे दोन हजार, माहेरच्या दुकानावर बसल्याचे पैसे, सगळं लिहावं. लपवलेली छोटी रक्कम उलटतपासात निघाली की मोठी खरी गोष्टही खोटी वाटू लागते. मंजूर झालेली पोटगी अर्जाच्या तारखेपासून लागते, म्हणून हा अर्ज मूळ दाव्यासोबतच द्यावा, नंतर सवडीनं नव्हे. समन्स बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत तो निकाली काढायचा असं कायद्यात आहे. तारखा पडत गेल्या की या तरतुदीची लेखी आठवण करून द्यायची.

ताब्याच्या बाबतीत कोण चांगला माणूस आहे हा प्रश्न नसतो. मुलाचं हित कशात आहे, एवढंच बघतात. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ नुसार पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे असावं, पण ‘साधारणपणे’ हा शब्द बापाला संधी ठेवतो आणि पाच वर्षांनंतर आईचा हक्क संपतो असंही नाही. त्यामुळं दोघांनीही तयारी एकाच गोष्टीची करायची: मुलाचा दिवस कागदावर मांडायचा.

सकाळी कोण उठवतं, डबा कोण करतं, शाळा घरापासून किती अंतरावर, रिक्षा की एसटी, शाळा सुटल्यावर आई-बाप कामावर असतील तर घरी कोण, अभ्यास कोण घेतं, आजारी पडला तर कुठल्या दवाखान्यात. याला लागणारे पुरावे साधे असतात: जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड, प्रगतिपुस्तकावरच्या पालकाच्या सह्या, फीच्या पावत्या, हजेरी, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, पालकसभेची नोंद. प्रगतिपुस्तकावर तीन वर्षं एकाच पालकाची सही असेल तर तो कागद दहा साक्षीदारांना भारी पडतो. घर भाड्याचं आहे किंवा पगार कमी आहे म्हणून ताबा जात नाही, ती तूट पोटगीनं भरून काढतात. दावा चालू असताना मुलाची शाळा बदलणं, दाखला काढून नेणं, मामाच्या गावी लपवून ठेवणं मात्र सरळ अंगावर येतं.

भेटीला आडवं जाऊ नये. दुसऱ्या पालकाशी नातं टिकू देणारा पालक न्यायालयाला जवळचा वाटतो. २०२० च्या यशिता साहू निकालात सर्वोच्च न्यायालयानं प्रत्यक्ष भेटीबरोबरच व्हिडिओ कॉलवरच्या संपर्काचीही गरज सांगितली. म्हणून आपणच भेटीचा तक्ता करून द्यावा, समोरच्यानं मागायची वाट बघू नये. तक्ता असा हवा की भांडायला जागा उरू नये. ‘महिन्यातून दोनदा भेट’ यावर दर महिन्याला भांडण होतं. ‘दर महिन्याच्या पहिल्या व तिसऱ्या रविवारी सकाळी १० ते संध्याकाळी ५, बसस्थानकाच्या चौकशी खिडकीपाशी देणं-घेणं, ३० मिनिटं वाट बघायची, चुकलेली भेट पुढच्या रविवारी’ यावर होत नाही. आपल्याकडच्या सणांची वाटणी आधीच लिहावी. दिवाळी आणि उन्हाळ्याची सुट्टी निम्मी-निम्मी हे सगळेच लिहितात, पण आखाजीला पोरं आईच्या माहेरी की बापाच्या घरी, आणि कानबाई देवीच्या रोटांच्या सणाला कुलाचारासाठी मूल पाठवायचं का, हे कुणी लिहीत नाही आणि अवमानाचे अर्ज नेमके तेवढ्यावरून होतात.

समज आलेल्या मुलाशी न्यायाधीश चेंबरमध्ये बोलतात. मुलाला पढवू नका. नऊ वर्षांचं पोरगं ‘पप्पा आमचा मानसिक छळ करतात’ असं बोललं की ते वाक्य कुणाचं हे लगेच कळतं, आणि त्याच्या बाकीच्या खऱ्या बोलण्यावरचाही भरवसा जातो. त्या दिवशी त्याला पोटभर खाऊ घालून आणायचं, कोर्टात किती वेळ लागेल ते सांगायचं, आणि ‘जे वाटतं ते सांग’ एवढं म्हणून सोडायचं. परत आल्यावर काय विचारलं म्हणून खोदत बसू नये.

पुराव्याचा टप्पा न्यायालयानं वादाचे मुद्दे काढल्यावर येतो. सरतपास शपथपत्रावर असतो, म्हणजे आपली साक्ष आपणच लिहून द्यायची. त्यात अर्जाबाहेरचा एकही नवा प्रसंग घालू नये. कागदांची यादी वेगळी जोडायची, मूळ प्रती जवळ ठेवायच्या. मूळ कागद असेल तर निशाणी पडते. नुसती झेरॉक्स असेल तर ‘ओळखीसाठी’ खूण पडते, आणि त्या दोहोंतला फरक निकालाच्या वेळी कळतो. रोजनाम्यात आणि कागदाच्या कोपऱ्यात लाल शाईनं निशाणी क्रमांक पडला का, हे त्याच दिवशी बघावं. कौटुंबिक न्यायालयाला १९८४ च्या कायद्याच्या कलम १४ मुळं पुराव्याच्या नियमांत मोकळीक आहे, दिवाणी न्यायालयाला नाही. तिथं शाळेचं पत्र आणलं तर मुख्याध्यापकांना साक्षीदार समन्स काढून बोलवावं लागतं, त्यांचा भत्ता भरावा लागतो.

मोबाइलमधल्या पुराव्याला प्रमाणपत्र लागतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३(४) लागू आहे. त्यात भाग अ आपण भरायचा, भाग ब संगणकाच्या जाणकारानं, आणि फाइलचं हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा संगणकी आकडा) दोन्हीकडं लिहायचं. दावा त्या तारखेआधीपासून चालू असेल तर जुन्या पुरावा कायद्याच्या ६५ब चंच प्रमाणपत्र. व्हॉट्सअ‍ॅपचा स्क्रीनशॉट काढताना वर नाव न दिसता नंबर दिसला पाहिजे, तारीख दिसली पाहिजे, आणि मधले संदेश कापायचे नाहीत. कापले की ‘पुढचं मागचं का दाखवलं नाही’ हा पहिला प्रश्न येतो. तो फोन निकाल लागेपर्यंत विकायचा नाही, रीसेटही करायचा नाही. नवरा-बायकोच्या संभाषणाचं गुपचूप रेकॉर्डिंग घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून चालतं, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये विभोर गर्ग विरुद्ध नेहा या प्रकरणात म्हटलं. पण रेकॉर्डिंगचं लेखी उतारपत्र लागतं, आणि आपल्याकडं बोलणं अहिराणीत असतं. कोर्टाची भाषा मराठी. उतारपत्रात डाव्या रकान्यात जसंच्या तसं अहिराणी लिहावं (‘पोरले धाडाव नही’), उजव्या रकान्यात मराठी अर्थ (‘मुलाला पाठवणार नाही’), आणि कडेला मिनिट-सेकंद. अहिराणी ‘सुधारून’ मराठीच लिहिली तर ऐकताना शब्द जुळत नाहीत, आणि उतारपत्रात फेरफार केल्याचा आरोप होतो.

उलटतपासाला सगळे घाबरतात. आपला उलटतपास होताना तीनच उत्तरं: हो, नाही, आठवत नाही. ‘हो, पण’ असं सुरू केलं की वकील ‘पण’ ऐकून घेत नाही. खुलासा गरजेचाच असेल तर न्यायाधीशांकडं बघून ‘खुलासा करायचा आहे’ म्हणावं. सगळ्यात जास्त नजर ठेवायची ती टंकलेखनावर. आपण बोलतो, न्यायाधीश सांगतात, स्टेनो टाइप करतो. ‘तो कधीकधी पैसे पाठवायचा’ याचं ‘तो पैसे पाठवत असे’ झालं तर एक शब्द गेला आणि पोटगीचा मुद्दा अर्धा झाला. साक्ष छापून समोर आली की ओळ न ओळ वाचायची, चूक तिथंच सांगून दुरुस्त करून घ्यायची, मगच सही. मागं रांग असते, पट्टेवाला घाई करतो, तरी वाचायचं.

समोरच्याचा उलटतपास आपण घेताना प्रश्न आधी लिहून न्यायचे. एका प्रश्नात एकच गोष्ट, आणि उत्तर हो-नाहीत येईल असा. ‘तुम्ही मुलाची काळजी का घेतली नाही?’ विचारलं की तो दहा मिनिटं भाषण देतो. ‘मुलगा तिसरीत कोणत्या तुकडीत आहे?’, ‘त्याच्या वर्गशिक्षकांचं नाव सांगा’, ‘मागच्या वर्षीच्या एकाही पालकसभेच्या नोंदवहीत तुमची सही नाही, हे खरं आहे?’ अशा प्रश्नांवर भाषणाला जागा नसते. ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक नाही तो प्रश्न विचारायचा नाही. चिडून विचारायचा नाही, कारण आपला आवाज चढला की तेही न्यायाधीशांच्या नजरेत येतं. आणि शेवटी आपली बाजू सूचनेच्या रूपात घालायचीच: ‘अमुक तारखेला तुम्ही मला घराबाहेर काढलं, हे म्हणणं खरं आहे?’ तो ‘खोटं आहे’ म्हणणार, म्हणू दे. सूचना घातलीच नाही तर त्या मुद्द्यावर तुम्ही त्याची साक्ष मान्य केली असा अर्थ निघतो. स्वतः दावा चालवणाऱ्यांच्या हातून हे सगळ्यात जास्त सुटतं.

युक्तिवाद लेखी द्यावा, चार-पाच पानं. मुद्दा, त्याखाली निशाणी क्रमांक, त्याखाली उलटतपासातली कबुली, परिच्छेदाच्या आकड्यासह. इंटरनेटवरून काढलेले पंचवीस निकाल जोडू नयेत. दोन जोडा, पण पूर्ण वाचून जोडा. तोंडी बोलायला थोडाच वेळ मिळतो, त्यात ताब्याचं आधी बोलावं.

निकाल लागला त्याच दिवशी निकालपत्र आणि हुकूमनामा दोन्हींच्या नकलेचा अर्ज टाकावा. अपिलाची मुदत हुकुमाच्या तारखेपासून मोजतात, पण नक्कल मिळायला लागलेले दिवस वजा होतात. म्हणून नकलेवरच्या अर्ज केल्याच्या आणि नक्कल तयार झाल्याच्या तारखा बघून ठेवाव्यात. अपिलाची मुदत संपेपर्यंत, किंवा अपील असेल तर त्याचा निकाल लागेपर्यंत, दुसरं लग्न करायचं नाही. ताब्याचा हुकूम कायमचा नसतो, परिस्थिती बदलली की तो बदलून मागता येतो. म्हणून भेटीची वही निकालानंतरही चालू ठेवावी: तारीख, वेळ, मूल कुणी आणलं, कुणी नेलं, दोघांच्या सह्या. नकला निदान चार काढाव्यात. एक शाळेच्या दप्तराला, एक बँकेत, एक आधार आणि शिधापत्रिकेतल्या बदलासाठी, आणि एक घरी, जी कुणालाही द्यायची नाही.